सीझनची शेवटची रेस ओल्या ट्रॅकवर: नागपूरहून निघणाऱ्या रायडरसाठी तयारीचा क्रम

दसरा झाला की आपल्याकडे पाऊस आटोपला असं आपण धरून चालतो. रेनकोट माळ्यावर जातो, गाडीचं मडगार्ड धुऊन निघतं. घोळ इथूनच सुरू होतो. नागपूरच्या रायडरला राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंगसाठी जावं लागतं ते दक्षिणेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. तिथला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतो आणि नोव्हेंबर हा चेन्नईचा सगळ्यात पावसाचा महिना. म्हणजे आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा लागतो, आणि शेवटचा राउंड या दिवसांत पडला की तो नेमका त्यात सापडतो.

दर वर्षी तेच दिसतं. गाडी कोरड्या ट्रॅकसाठी तयार होऊन जाते, शनिवारी आभाळ भरून येतं आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या गाड्या तयार करायच्या जागेत, धावपळ सुरू होते. कोणी हवा कमी करतं, कोणी सस्पेन्शन फिरवतं, कोणी दिसेल त्या भोकावर टेप मारतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या की गाडी कशामुळे बिघडली आणि कशामुळे सुधारली, काहीच कळत नाही. ओल्या रेसचं नव्वद टक्के काम नागपुरात, कोरड्या गॅरेजमध्ये उरकायचं असतं. ट्रॅकवर फक्त मोजके बदल, तेही ठरलेल्या क्रमाने. तो क्रम खाली देतोय.

१. आधी नियमपुस्तिका, मग पाना

स्पर्धेचे पूरक नियम निघाले की चार गोष्टी शोधून काढा: तुमच्या वर्गात कोणतं टायर चालतं, ओल्यासाठी वेगळं टायर मिळतं की नाही, रेस ‘वेट’ जाहीर कोण आणि कधी करतं, आणि रेस मधेच थांबली तर रीस्टार्टचे आणि गुणांचे नियम काय आहेत. कंपनीच्या वन-मेक वर्गात (सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी) गाडी आणि टायर आयोजकांचे असतात. तिथे तुमच्या हातात उरतं ते हेल्मेट, लेदर सूट आणि डोकं. त्यांनी सरळ चौथ्या टप्प्यावर जावं.

मोटोजीपीत, म्हणजे जागतिक मोटरसायकल रेसिंगच्या सगळ्यात वरच्या वर्गात, पाऊस आला की रायडर पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाडी थांबवायच्या जागेत) येऊन दुसऱ्या गाडीवर उडी मारतो. ते टीव्हीवर पाहून आपली पोरं तोच हिशेब डोक्यात ठेवतात. तुमच्याकडे गाडी एकच आहे. ज्या टायरवर सुरुवात केली त्यावरच बहुधा शेवट करायचा आहे.

लायसन्सची मुदत आणि मेडिकलचा कागदही याच वेळी तपासा. सीझनच्या शेवटाला मुदत संपत आलेली असते आणि स्क्रुटिनीच्या (रेसआधीच्या तपासणीच्या) रांगेत ते लक्षात येऊन उपयोग नाही.

२. गाडी: पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघतं

गाडी स्टँडवर घ्या, टाकी आणि सीट काढा. प्रत्येक इलेक्ट्रिकल कनेक्टर उघडा, कोरडा पुसा, आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या आणि कटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवा. स्पार्क प्लगच्या कॅपमध्येही तेच. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणार असाल तर तोंड खाली ठेवा. वर ठेवलं तर त्यात पाणी साचेल आणि न गुंडाळलेलं परवडलं असं होईल.

एअरबॉक्सच्या तोंडावर टेप मारण्याचा मोह फार जणांना होतो. हुडकेश्वरच्या एका पोराने पावसाच्या भीतीने तोंड जवळजवळ बुजवून टाकलं होतं. पहिल्या लॅपनंतर पिटमध्ये येऊन म्हणे, “दादा, गाडी ओढूनच नाही राहिली.” ओढणार कशी बाप्पा, हवाच बंद केली ना तिची! तोंड मोकळं ठेवायचं. फक्त पुढच्या चाकाचं पाणी थेट आत उडत असेल तर आडवी पट्टी लावायची. एअरबॉक्सच्या तळाशी पाणी निघायचं भोक असतं, ते साफ आहे का बघा. टाकीच्या झाकणाचा ब्रीदर आणि इंजिनचा ब्रीदरही मोकळे हवेत.

फेअरिंगच्या गाडीला खाली बेली पॅन असतो. इंजिन फुटलं तर तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून तो बंद असतो. एफआयएम या मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमांत त्याला पाणी निघायची भोकं असतात आणि ती कोरड्यात बुचाने बंद ठेवावी लागतात. रेस वेट जाहीर झाल्यावरच ती उघडायची. तुमच्या वर्गाचा नियम बघून घ्या आणि ही बुचं हाताने निघतात ना, तेही घरीच तपासा.

ब्रेकचे कॅलिपर उघडून पिस्टन साफ करा. ओल्यात ब्रेक हळुवार, इंचाइंचाने लावायचा असतो आणि अडकणारा पिस्टन ते करू देत नाही. थ्रॉटल केबलचा फुकट खेळ दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवा. खेळ जास्त असला की मूठ फिरते, काही होत नाही, आणि मग एकदम ओढ येते. कोरड्यात ते खपतं, ओल्यात मागचं चाक सुटतं.

शेवटी सस्पेन्शन. आत्ता जिथे आहे ते वहीत लिहा: प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) कितव्या खाचेवर, रिबाउंड (स्प्रिंग परत उसळायचा वेग) किती क्लिक. ओल्यासाठी मऊ लागतं, कारण ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही कमी जोराने वापरले जातात. कडक सस्पेन्शनवर तेवढ्या जोराने वजन पुढे-मागे सरकतच नाही आणि टायर जमिनीवर दाबला जात नाही. लहान गाड्यांना बहुतेक मागचा प्रीलोडच फिरवता येतो. एक-दोन खाचा सैल करून एकदा चालवून बघा आणि ‘ओलं’ म्हणून तो आकडाही लिहून ठेवा. ट्रॅकवर मग डोकं लावायचं काम उरत नाही, वही बघून फिरवायचं.

> तपासा: सगळं बसवल्यावर गाडीवर पाइपने पाच मिनिटं पाणी मारा, अगदी टाकीखाली आणि प्लगवर सुद्धा. मग स्टार्ट करा. घुसमटली किंवा मिसफायर झाली तर दोष नागपुरातच सापडला, हे बरंच झालं.

३. टायर: सगळ्यात जास्त चुका इथे

नवंकोरं टायर ओल्या ट्रॅकवर घेऊन उतरू नका. त्याचा वरचा गुळगुळीत थर निघालेला नसतो. सरावाच्या कोरड्या सत्रात कडेपर्यंत घासून घ्या. ते जमणार नसेल तर थोडं वापरलेलं, पण खाचा नीट खोल असलेलं टायर बरं.

आता हवेचं. “पाऊस आला, हवा कमी करा” हा सल्ला पॅडॉकमध्ये हमखास मिळतो. कोरड्यात थंड टायरमध्ये हवा कमी ठेवतात, कारण गरम झाल्यावर दाब वाढतो आणि हव्या त्या आकड्यावर येतो. ओल्या ट्रॅकवर टायर तेवढं तापतच नाही. त्यात हवा आणखी कमी केली तर टायर दबतं, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकायची जागाच उरत नाही. साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगायला लागतं. म्हणून ओल्यात थंड दाब साधारण कोरड्याइतका किंवा थोडा जास्त ठेवतात. नेमका आकडा टायरवाल्या तंत्रज्ञाकडून घ्या आणि तिथून एका वेळी २ पीएसआयपेक्षा जास्त हलू नका. गेज स्वतःचा, एकच, घरून नेलेला. दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो.

वेगळं वेट टायर चालत असेल तर उलटी अडचण येते. ते रबर मऊ असतं. ट्रॅक सुकायला लागला की काही लॅपमध्ये तापून फाटतं. सरळ पट्ट्यावर मुद्दाम पाण्यातून गाडी नेणारे रायडर तुम्ही पाहिले असतील, ते टायर थंड करत असतात.

> सावधान: टायर वॉर्मर वापरत असाल तर एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको. पिटमध्ये पाणी वाहतं. बोर्ड खुर्चीवर किंवा रॅकवर आणि लाइनवर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

४. व्हायजर, सूट, हातमोजे

गाडी कितीही तयार असली तरी समोरचं दिसलं नाही तर सगळं फुकट. म्हणून या कामाला घरी एक संध्याकाळ द्या.

व्हायजर पारदर्शक घ्या. नागपूरच्या उन्हात सगळ्यांकडे काळा असतो आणि तोच बॅगेत जातो. ढगाखाली, समोरच्या गाडीच्या फवाऱ्यात काळ्या व्हायजरमधून काही दिसत नाही. आतून पिनलॉकची, म्हणजे धुकं धरू न देणारी, पारदर्शक पट्टी बसवा. बसवताना व्हायजर दोन्ही हातांनी थोडा सपाट करा, पट्टी दोन पिनांच्या मधे अडकवा आणि सोडा. मग उजेडासमोर धरून पट्टीच्या कडेचा सिलिकॉनचा बारीक पट्टा सगळीकडे व्हायजरला टेकलाय का ते बघा. कुठेही फट दिसली तर पिन फिरवून घट्ट करा. त्या फटीतून वाफ आत गेली की दोन थरांच्या मधे धुकं बसतं आणि ते पुसायला बोट पोचत नाही.

हेल्मेटच्या आत नाकावरचा ब्रेथ गार्ड लावा. व्हायजरची वरची कड जिथे हेल्मेटला मिळते तिथे इलेक्ट्रिकलची टेप आडवी चिकटवा, म्हणजे कपाळावरून पाणी आत ओघळणार नाही. बाहेरून पाणी न टिकणारा द्रव लावा, पण तो हेल्मेट कंपनीने चालतो म्हटलेलाच. गाडीच्या काचेचा कुठलाही स्प्रे प्लॅस्टिकला चालतोच असं नाही. पिनलॉकवर तर काहीच लावू नका आणि ती कपड्याने घासूही नका.

> तपासा: हेल्मेट घालून बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडा. दहा मिनिटं उभं राहून जोरात श्वास घ्या. घरचे हसतील, हसू द्या. कुठून धुकं धरतं ते इथेच कळतं.

हातमोजे जाड वॉटरप्रूफ नकोत, त्यातून लिव्हर जाणवत नाही. नेहमीचेच दोन जोड न्या आणि एक पूर्ण कोरडा ठेवा. मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी, मग बूट. दिसायला गावठी, पण पाय कोरडे राहतात आणि गिअर लिव्हर जाणवतो. रेन सूट लेदरवर चढवायचा असेल तर तो अंगाला बसणारा हवा. फडफडणारा सूट वेगात तुम्हाला मागे ओढतो. चेन्नईत पावसातही उकडतं, म्हणून तो अगदी ग्रिडवर (रेस सुटायच्या रांगेत) जायच्या आधीच घाला आणि पाणी पीत राहा.

५. सराव, आणि तो कुठे करायचा नाही

ओल्याचा सराव जुलै-ऑगस्टमध्ये करायचा असतो. आता ऑक्टोबर उजाडला असेल तर एखाद्या मोकळ्या खासगी आवारात, मालकाची परवानगी घेऊन, टँकरने जमीन ओली करा. वेग लागत नाही. आठचा आकडा काढत फिरा, दोन बोटांनी पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत थांबा, थ्रॉटल केसाएवढा उघडायला शिका.

वर्धा रोडवर किंवा आउटर रिंग रोडवर हे प्रकार करायचे नाहीत. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला बंदीच आहे. शिवाय शहरातले आपले रस्ते बरेचसे सिमेंटचे. सिमेंटची पकड वेगळी, ट्रॅकच्या डांबराची वेगळी. “ओल्या सिमेंट रोडवर एवढं वाकवलं, तिथेही वाकेल” हा हिशेब चुकतो.

६. प्रवास

नागपूर स्टेशनवरून तमिळनाडू एक्सप्रेस आणि ग्रँड ट्रंक एक्सप्रेस दोन्ही थेट चेन्नई सेंट्रलला जातात. गाडी पार्सलने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी लागते. रेसची गाडी बहुधा नंबरप्लेटची नसते, म्हणून खरेदीचं बिल जवळ ठेवा आणि पार्सल ऑफिसात आधी जाऊन विचारा. दोन-तीन जण मिळून पिकअप करणं सोपं पडतं. हैदराबादवरून रस्ता साधारण ११०० किलोमीटर. पट्ट्यांनी आवळताना पुढचा फोर्क पूर्ण दाबू नका, नाहीतर तो रात्रभर दबून सील गळतात. वर ताडपत्री, ती इतवारीतून घ्या, स्वस्त पडते.

७. ट्रॅकवर पोचल्यावर: पायी एक फेरी

इरुंगट्टुकोट्टईचा पूर्ण ट्रॅक ३.७१७ किलोमीटर, १२ वळणांचा. चालायला तासभर लागतो. शक्य असेल तर परवानगी काढून पाऊस पडत असताना किंवा पडून गेल्यावर लगेच चाला. पाण्याचा ओघळ ट्रॅक कुठे ओलांडतो, डबकं कुठे साचतं, डांबराचा रंग कुठे बदलतो, कर्ब (वळणाच्या कडेचे उंचवटे) कुठे रंगवलेत, हे वहीत वळणाच्या नंबरासकट लिहा. बुटाची टाच कोरड्या रेसिंग लाइनवर आणि तिच्या बाहेर घासून बघा. लाइनवर रबर बसून डांबर गुळगुळीत झालेलं असतं, ते ओलं झालं की जास्त घसरतं. बाहेरचं खरखरीत डांबर बरं धरतं. तुमची ओली लाइन याच फेरीत ठरते.

८. रेसचा दिवस: ठरवायचं कधी, फिरवायचं काय

सकाळी तर्री पोहे आठवतील, पण हलकं खा. आदल्या रात्री सावजी शोधत फिरू नका, चेन्नईत मिळालंच तरी नको.

हवामान खात्याच्या चेन्नई रडारचं चित्र दर वीस-पंचवीस मिनिटांनी बघा. ढग कुठून कुठे सरकतोय ते दोन चित्रं शेजारी ठेवली की कळतं. “पाऊस ६० टक्के” वगैरे सांगणाऱ्या ॲपपेक्षा हे कामाचं.

निर्णयाची एक वेळ आधीच ठरवा, म्हणजे ग्रिडवर जायच्या किती मिनिटं आधी टायर पक्का करायचा ते. त्यानंतर कोणी काही म्हणो, बदलायचं नाही. बदलांचा क्रम असा: आधी टायर (पर्याय असेल तर), मग हवा, मग सस्पेन्शन वहीतल्या आकड्यावर, मग बेली पॅनची बुचं, मागचा लाल दिवा तुमच्या वर्गात लागत असेल तर तो. शेवटी चेनला वंगण. एक माणूस वाचेल, दुसरा फिरवेल. दोघंही फिरवायला लागले की एखादा नट हमखास सैल राहतो.

> तपासा: प्रत्येक चाकाचा ॲक्सल नट आणि कॅलिपर बोल्ट टॉर्क रेंचने परत बघितला? व्हायजर साफ? कोरडे हातमोजे ग्रिडपर्यंत नेणारा माणूस ठरला?

निर्णय दोन्हीकडे वळू शकतो, हे २०१२ च्या वॅलेन्सियात दिसलं. मोटोजीपी सीझनची ती शेवटची रेस, ट्रॅक ओलसर पण सुकत चाललेला. दानी पेड्रोसा वॉर्म-अप लॅपनंतर ग्रिड सोडून पिटमध्ये गेला, स्लिक (खाचा नसलेल्या, कोरड्यासाठीच्या) टायरची गाडी घेतली, पिट लेनमधून सुटला आणि जिंकला. होर्हे लोरेन्झोही स्लिकवरच होता. एक अख्खी फेरी मागे पडलेल्या रायडरला ओलांडताना तो सुकलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेला आणि उडून पडला. सुकत्या ट्रॅकवर स्लिक घेतलं की ओव्हरटेकसाठी जागा फक्त त्या पट्ट्याएवढीच उरते. डोळ्यासमोर ठेवा.

९. रेसमध्ये

पहिले दोन लॅप माहिती गोळा करायला. वळणातून बाहेर पडताना एक गिअर वरचा आणि रेव्ह कमी. सरळ पट्ट्यावर ब्रेकिंगच्या जागेच्या थोडं आधी ब्रेक हलकासा टेकवा, डिस्कवरचं पाणी पुसलं जातं आणि खरा ब्रेक लावताना दचका बसत नाही. मागचा ब्रेक कोरड्यापेक्षा जास्त वापरा. वळणात गाडी कमी वाकवा, अंग जास्त बाहेर काढा. रंगवलेले कर्ब आणि पांढऱ्या पट्ट्या टाळा. त्या ओलांडायच्याच असतील तर गाडी सरळ असताना.

डबक्यात चाक तरंगलं तर मूठ आहे तिथेच धरा, हँडल सरळ. ब्रेकला हात लावला की गेलात. समोरच्याच्या थेट मागे चिकटू नका, फवाऱ्यात काही दिसत नाही. अर्धी गाडी बाजूला ठेवा.

झेंडे. एफआयएमच्या नियमांत पांढऱ्यावर तिरपा लाल क्रॉस म्हणजे या भागात पावसाचे थेंब. पिवळे-लाल पट्टे म्हणजे पाऊस सोडून दुसऱ्या कशाने पकड गेली आहे, बहुधा तेल. खूप जण दुसऱ्या झेंड्याला “हा, पाऊसच आहे, माहीत आहे” म्हणून तसेच जातात आणि तेलावर सापडतात.

ट्रॅक सुकायला लागला की ओली लाइन सोडून हळूहळू कोरड्या लाइनकडे सरका. कधी? समोरच्या चाकाचा फवारा कमी दिसायला लागला की एका वळणावर करून बघा, सगळीकडे एकदम नको.

१०. लाल झेंडा आणि रीस्टार्ट

पाऊस वाढला की रेस थांबू शकते, आणि थांबली म्हणजे संपली असं नाही. वॅलेन्सियाचीच २०१८ ची शेवटची रेस पावसाने मधेच थांबली. उरलेल्या १४ लॅपसाठी पुन्हा सुरू झाली तेव्हा मार्क मार्केझ आणि मावेरिक विन्यालेस पहिल्या भागातच पडलेले होते. दुसऱ्या भागात व्हॅलेंतिनो रॉसी दुसऱ्या जागेवरून पडला. आंद्रेया डोविझिओसो जिंकला. पोल एस्पार्गारो पहिल्या भागात पडला होता, तरी परत आला आणि तिसरा आला. केटीएमचा मोटोजीपीतला तो पहिलाच पोडियम.

त्यामुळे पडलात तर आधी स्वतःला तपासा, मार्शलचं ऐका आणि गाडी सुरू होत असेल व नियमात बसत असेल तर ती पिटपर्यंत आणा. रीस्टार्टला कोण पात्र ठरतं हे बहुतेक ठिकाणी लाल झेंड्यानंतर तुम्ही किती वेळात पिट लेनमध्ये आलात यावर असतं. म्हणून पहिल्या टप्प्यात तो नियम वाचायला सांगितला.

थांबलेल्या वेळात करायचं ते एवढंच: हातमोजे बदला, व्हायजर पुसा, पाणी प्या, टायरचा दाब बघा, पेट्रोल नियमात असेल तर भरा. सस्पेन्शनला हात लावू नका. चॅम्पियनशिपच्या गणितासाठी कितवा नंबर लागतो हे एका कागदावर लिहून टाकीवर चिकटवलं असेल तर याच वेळी परत वाचा. पाचवा पुरत असेल तर तिसऱ्यासाठी मरायचं नाही.

११. रेस झाल्यावर, त्याच दिवशी

गाडी ट्रॅकवरच गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसून वंगण द्या, कनेक्टर उघडून वाळवा. बेली पॅनची बुचं परत लावा. ब्रेक पॅड काढून कॅलिपरमधली रेती साफ करा. लेदर सूट सावलीत, हवेवर वाळवा. नागपूरला आणून गच्चीवर उन्हात टाकला तर कातडं कडक होऊन शिलाईपाशी तडकतं. हेल्मेटची आतली गादी काढून वेगळी वाळवा. घरी आल्यावर चाकांच्या आणि स्टिअरिंगच्या बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर आत पाणी गेलंय, ती आत्ताच बदला. पुढचा सीझन सुरू होईपर्यंत गाडी उभी राहणार आणि गंज तोवर थांबत नाही.